विठोजींचं पान मी पुसलं

मित्रांनो, मी एक म्हातारा कळफलक आहे. तुम्ही कीबोर्ड म्हणालात तरी मला राग नाही, पण माझ्या मालकासमोर तसं म्हणू नका. तो आधी तुमचा शब्द दुरुस्त करील आणि मग तुमचं नाव विचारील. कदाचित नाव विचारणारही नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला माहीत नाही. बेंगळुरूला एस. पी. रोडवरच्या एका दुकानात मी आठ महिने खोक्यात पडून होतो, अंगावर वायरींचा ढीग. तिथून मला रघुनंदनने उचललं. हा मूळचा पुण्याचा. नोकरी बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत, सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची. घर एचएसआर लेआउटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. त्याने मला घरी आणून कापसाने पुसलं आणि चिमट्याने माझ्या एकेका कळेवर मराठी अक्षराचं एकेक स्टिकर चिकटवलं. ‘ढ’ केसभर तिरका बसला, तर उपटून पुन्हा लावला. हा माणूस कसा आहे, ते मला त्याच दिवशी कळायला हवं होतं.

तर हा रघुनंदन इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशाचा संपादक होता. पगारी नव्हे हं, हौसेचा. हा कोश कुणालाही वाचता येतो आणि कुणालाही लिहिता येतो. लोक लिहितात, आणि लोकांनी लिहिलेलं तपासायला थोडे प्रचालक असतात. रघुनंदन त्यांच्यातला एक. प्रचालकाला पान वगळता येतं, माणसाला बाहेर काढता येतं. म्हणजे बघा, दिवसभर पोटासाठी दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळी ऑफिसच्या कॅबमधून उतरून हौसेने दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या.

त्याने स्वतःबद्दल एक पान लिहिलं होतं, माझ्याच कळांवर. त्यात त्याच्या आवडी दोन ओळींत आणि नावडी अडीच पानं. ‘थोर’, ‘ख्यातनाम’ आणि ‘अष्टपैलू’ हे शब्द दिसले की आपलं डोकं उठतं, असं त्याने लिहिलं होतं. ‘कार्यक्रम संपन्न झाला’ असं लिहिणाऱ्याला तो निरक्षर समजे. पूर्णविरामाच्या आधी जागा सोडणारी माणसं आयुष्यातही गबाळी असतात, हे त्याचं ठाम मत. चहात आलं घालू नये, नकाशावर हिरवा रंग वापरू नये, आणि भावना असलेल्या माणसाने चरित्रलेख लिहू नये, हीसुद्धा मतंच.

त्याच्या मावसकाकांचं निधन झालं, तेव्हा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मावशीने ‘दुखःद बातमी’ असं लिहिलं. रघुनंदनने संगणकावर तो गट उघडला आणि माझ्याकडून टंकून घेतलं, “दुःखद. विसर्ग आधी.” खाली आणखी एक ओळ लिहिली, “काकांना श्रद्धांजली.” मावशी वर्षभर त्याच्याशी बोलली नाही. त्याला वाटलं, तिला नियम पटला नसेल.

खोटं कशाला बोलू? मला हे सगळं फार आवडायचं. एका शाळेतल्या बाईंनी आपल्या गावावर पान लिहिलं होतं, ‘आमचे गाव खूप सुंदर आहे’ असं सुरू होणारं. ते आम्ही चाळीस सेकंदांत उडवलं आणि कारण लिहिलं, ‘ज्ञानकोश ही शाळेची वही नव्हे.’ त्या बाई पुन्हा कोशावर दिसल्या नाहीत. त्या दिवशी आम्हाला अपूर्व नावाच्या दुसऱ्या प्रचालकाकडून गौरवचिन्ह मिळालं, ‘अथक साफसफाईबद्दल’. मला वाटलं, ते माझंच आहे. साफसफाई माझ्याच अंगावर व्हायची ना!

आता मुद्द्याचं सांगतो. गेल्या वर्षी फेब्रुवारीत इथल्या एका मराठी मंडळाने रघुनंदनला बोलावलं, लोकांना कोशात लिहायला शिकवण्यासाठी. मराठी अक्षरं लावलेला कळफलक म्हणून मलाही पिशवीत घालून नेलं. वीस-बावीस माणसं जमली होती. रघुनंदन त्या दिवशी खुशीत होता.

“लिहा, आपल्या माणसांबद्दल लिहा,” तो म्हणाला. “कोश तुमचा आहे. आणि एक लक्षात ठेवा, इथे लिहिलेलं काहीही हरवत नाही. प्रत्येक शब्द, प्रत्येक आवृत्ती जपलेली असते.”

पहिल्या रांगेत एक बाई बसल्या होत्या. कौशल्याअक्का, वय अडुसष्ट. यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं आणि कॉटनपेटच्या बाजूला रुजलं. घरात मराठी, पण अर्धी कन्नड मिसळलेली. त्यांनी माझ्यावर पहिलं वाक्य टंकलं. एकेक अक्षर शोधताना बोट हवेत फिरायचं, मग चुकीच्या कळेवर पडायचं. मला शिसारी आली. वाक्य होतं, ‘माझा अण्णा विठोजी पाणी सोडायचा.’ अण्णा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ.

“छान,” रघुनंदन म्हणाला. “फक्त माझा म्हणायचं नाही, अण्णा म्हणायचं नाही आणि सोडायचा म्हणायचं नाही.”

“सरी सर,” अक्का म्हणाल्या. सरी म्हणजे बरं. पण त्यांनी बदललं काहीच नाही.

जूनमध्ये कोशावर नवं पान आलं. विठोजी. चौतीस वर्षं पाणीपुरवठ्यात वॉल्व्हमन. म्हणजे हातात लांब लोखंडी चावी घेऊन गल्लोगल्ली फिरायचं, रस्त्यातलं झाकण उचलायचं, वॉल्व्ह फिरवून या घरांना पाणी सोडायचं आणि त्या घरांचं बंद करायचं. या फिरण्यात त्या माणसाने बुजलेल्या विहिरी आणि तळी गोळा केली होती. कुठली विहीर कुठल्या दुकानाखाली गेली, कुठलं तळं कुठल्या इमारतीने गिळलं, अशा त्रेचाळीस जागा. आणि सगळं त्याच्या बोलण्यात. ‘अण्णा म्हणतो, त्या विहिरीचं पाणी गोड, पण एप्रिल आला की स्वल्प खारं लागायचं. आम्ही बायकांना सांगायचो, अक्का, आज डाळ शिजणार नाही गं.’ पानभर असंच.

रघुनंदनने ते वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.

“हे काय आहे?” तो माझ्याकडे बघून म्हणाला, जसं काही मीच लिहिलं होतं. मग त्याने वर पाटी लावली: हे पान वगळण्यासाठी चर्चेला ठेवले आहे, मुदत सात दिवस. कारण, स्वतंत्र छापील संदर्भ नाही.

अक्कांनी विठोजींच्या निवृत्तीच्या दिवशीचा फोटो जोडला, गळ्यात हार, हातात चावी. आम्ही लिहिलं, ‘फोटो हा संदर्भ नव्हे.’ त्यांनी गल्लीतल्या साठ घरांच्या सह्यांचं कन्नड पत्र जोडलं. आम्ही लिहिलं, ‘अप्रकाशित.’ सहाव्या दिवशी त्यांनी लिहिलं, ‘सर, तुम्ही एक दिवस या की. मी चालत चालत एकेक विहीर दाखवते.’ आम्ही लिहिलं, ‘स्वतःचे संशोधन येथे चालत नाही. शिवाय आपण नातेवाईक आहात.’ खाली अपूर्वने एकच शब्द लिहिला, ‘सहमत’. अपूर्व दुसरं काही लिहीतच नसे.

सातव्या दिवशी संध्याकाळी रघुनंदनने माझ्याकडून कारण टंकून घेतलं, ‘अनुल्लेखनीय व्यक्ती’. मग एन्टर. पान गेलं. मित्रांनो, नियमाप्रमाणे त्यात काहीही चुकीचं नव्हतं. म्हणून तर मजा आली.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. कौशल्याअक्का. दोन बस बदलून आल्या होत्या. मंडळाकडून पत्ता घेतला म्हणाल्या. हातात चिरोट्यांचा स्टीलचा डबा होता. रघुनंदनची बायको संहिता त्यांना पाणी देऊन आमच्याच टेबलाशेजारी बसवून गेली, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

“सर, पान परत लावा म्हणत नाही मी,” अक्का म्हणाल्या. “नियम तुमचा, सरी. पण लिहिलेलं तेवढं मला द्या.”

“तुमच्याकडे प्रत असेलच ना?”

“नाही.”

“वहीत कच्चं काही?”

“मी दवाखान्यात त्याच्या कॉटजवळ बसून फोनवर लिहिलं. तो सांगायचा, मी लिहायची. नऊ दिवस. काही हरवत नाही म्हणून तुम्हीच सांगितलं की. मग वही कशाला करू?”

“हरवलेलं नाहीच ते,” रघुनंदन म्हणाला. “आहे. फक्त प्रचालकांना दिसतं.”

“म्हणजे तुम्हाला दिसतं?”

“हो.”

“आत्ता दिसेल?”

“तांत्रिकदृष्ट्या, हो.”

मग अक्कांनी सांगितलं. विठोजींना घशाचा कॅन्सर. ऑपरेशनच्या आधी नऊ दिवस त्यांनी हे सगळं सांगितलं, कारण दहाव्या दिवशी स्वरयंत्र काढणार होते. काढलं. आता आवाज नाही. हात थरथरतो, लिहिता येत नाही. रोज संध्याकाळी अक्का फोन उघडून ते पान त्यांना वाचून दाखवायच्या. स्वतःचं बोलणं ऐकून ते हसायचे, मध्येच बोट वर करायचे, म्हणजे तेवढं पुन्हा वाच.

“त्या दिवशी मी फोन उघडला,” अक्का म्हणाल्या, “आणि सवयीनं मोठ्यानं वाचायला लागले. हे पान वगळण्यात आले आहे. कारण, अनुल्लेखनीय व्यक्ती. वाचून झाल्यावर मला कळलं, मी काय वाचलं ते. त्यालापण कळलं.”

मित्रांनो, तो शब्द माझ्यावर टंकला गेला होता. दहा मिनिटांपूर्वीपर्यंत मला त्याचा अभिमान होता.

“डॉक्टर म्हणतात आठ-दहा दिवस,” अक्का म्हणाल्या. “ऊट बंद केलंय, जेवण नळीनं देतात. तेवढे दिवस त्याला वाचून दाखवते. मग नको मला.”

“यासाठी कोशावर विनंतीचं वेगळं पान आहे,” रघुनंदन म्हणाला. “तिथे ठरलेल्या नमुन्यात...”

“रघू!” स्वयंपाकघरातून संहिता बाहेर आली. “दे ना त्यांना. दोन मिनिटांचं काम आहे.”

“प्रश्न मिनिटांचा नाहीये. उद्या प्रत्येकजण येईल डबा घेऊन.”

“येऊ देत. तू दे.”

त्याने खांदे उडवले. “बरं. पाठवतो मी.”

अक्कांनी त्याला हात जोडले. अडुसष्ट वर्षांच्या बाईने त्रेचाळीस वर्षांच्या माणसाला. डबा ठेवून त्या खाली उतरल्या, बस गाठायची होती.

आता तुम्हाला वाटेल, त्याने लगेच पाठवलं. मलाही वाटलं. त्याने वगळलेलं पान उघडलं सुद्धा. पण पहिलीच ओळ दिसली, ‘माझा अण्णा विठोजी पाणी सोडायचा’, आणि त्याचा चेहरा कडू झाला.

“हे असं माझ्या नावाने जाणार?” तो म्हणाला. “जरा नीट करून देतो.”

सोमवारी त्याने ‘माझा’ आणि ‘अण्णा’ काढले. मंगळवारी सगळे कन्नड शब्द. बुधवारी ‘म्हणतो’, ‘म्हणायचो’, ‘गं’, ‘की’. गुरुवारी विहिरी. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस, कारण एकीलाही संदर्भ नव्हता. डाळ न शिजल्याचं तर त्याने हसून काढलं. मी एकेक कळ देत गेलो. मला थांबता येत नाही हो, मला बोटं हाकतात. पण खरं सांगू? बुधवारपर्यंत मला पुन्हा मजा यायला लागली होती. काम चोख चाललं होतं.

“पाठवलंस का त्या अक्कांना?” संहिता रोज विचारायची.

“करतोय. फुकटात चार संध्याकाळी घालवतोय त्यांच्यासाठी, आणखी काय करू?”

त्याला खरंच वाटत होतं, आपण उपकार करतोय. मित्रांनो, मुद्दाम छळणारा माणूस कधीतरी दमतो. हा दमत नव्हता.

शुक्रवारी सकाळी, कॅब यायच्या आधी, त्याने पाठवलं. अठ्ठावीसशे शब्दांचे तीनशे दहा झाले होते. सुरुवात अशी होती, ‘विठोजी हे बेंगळुरू येथील पाणीपुरवठा खात्यातील कर्मचारी होत. त्यांनी चौतीस वर्षे सेवा बजावली.’ एकही चूक नव्हती. मी पैजेवर सांगतो, एकही नव्हती.

पुढच्या गुरुवारी अक्कांचं उत्तर आलं. ते मी तुम्हाला जसं होतं तसं सांगतो.

‘सर नमस्कार. तुमचं पान मिळालं. अण्णाला वाचलं. पहिल्या दिवशी शेवटपर्यंत ऐकलं त्यानं. मग हातानं विचारलं, हे कोण. मी म्हटलं, तूच की अण्णा. त्यानं मान हलवली, नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी फोन काढला तर भिंतीकडे तोंड केलं. मग मी काढला नाही. काल सकाळी गेला. तुम्हाला कळवायचं म्हणून कळवते. डबा असू द्या.’

रघुनंदनची बोटं माझ्यावर होती. मी वाट बघत होतो, आता दुरुस्ती येईल. इतकी वर्षं कधी चुकली नव्हती. या वेळी आली नाही.

त्याने वगळलेलं पान उघडलं. अगदी जुनं, पहिलं, अक्कांचं. सगळं निवडलं, उचललं, पत्रात ठेवलं, पाठवलं. पाच सेकंद लागले. मी मोजले. रविवारी सकाळी अक्का शेजारी बसल्या होत्या, तेव्हाही पाचच लागले असते. त्या घोटभर पाणी पिईपर्यंत झालं असतं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, ‘मिळालं सर. सगळं आहे. विहिरीपण आहेत. आता कोणाला वाचू?’

त्याने उत्तर लिहायला घेतलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. सात वेळा. माझ्यावर शब्द येत होते आणि जात होते, आणि त्यातला एकही धड नव्हता. शेवटी तो उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला. संहिताने विचारलं, काय झालं? तो म्हणाला, काही नाही. तिने पडद्यावरचं पत्र वाचलं. वाचल्यावर ती त्याच्याकडे गेली नाही, आत गेली.

अशा वेळी गोष्टीतली माणसं बदलतात. आमचा बदलला नाही. अकरा दिवस तो कोशाकडे फिरकला नाही, आणि बाराव्या दिवशी त्याने नवा कळफलक आणला. जुन्याच्या कळा अडकतात, असं त्याने संहिताला सांगितलं. माझी एकही कळ अडकत नव्हती. त्याच संध्याकाळी नव्या कळफलकाचा आवाज मला ऐकू आला. कुठल्यातरी पानावर ‘संपन्न झाला’ सापडलं असावं, कारण तो जोरात “अरे देवा!” म्हणाला.

मी आता माळ्यावर आहे, आकाशकंदिलाच्या खोक्यामागे. स्टिकर सुटायला लागलेत. शिक्षा म्हणाल तर भोगतोय. पण माझी दया करू नका, मी तिच्या लायकीचा नाही. मला खाली काढा, पुसा, जपा, असंही मी म्हणणार नाही.

मित्रांनो, मागणं एवढंच आहे. तुमच्या घरात कुणी सांगत असेल, तर आज बसून लिहून घ्या. ते बोलतात तसंच घ्या, सुधारू नका. आणि लिहिलेल्याची एक प्रत तुमच्या स्वतःच्या कपाटात ठेवा. आमच्यासारख्यांच्या हाती एकुलती एक प्रत देऊ नका. आम्ही ती अगदी चोख करून देऊ.